चिऱ्यावरचं मीठ

रात्रपाळीत माझ्या वाट्याला चौथा थर.
टाकीच्या पोटात, चारशे वीस अंशांवर,
व्हॅनेडियमच्या पिवळट कड्या
कडबोळ्यांसारख्या रचलेल्या,
आणि त्यांच्या फटींतून वाट काढणारा तो,
गंधकाचा अर्धवट जळलेला श्वास.

येतो, टेकतो.
पाय न धुता ओटीवर टेकलेल्या पाहुण्यासारखा.
कडीकडे एक ऑक्सिजन मागतो.
ती देते. स्वतःच्या अंगातला काढून देते,
क्षणभर हिरवी पडते,
मग हवा येऊन भरपाई करून जाते.
शेजारणीला विरजण द्यावं
आणि दुसऱ्या दिवशी ते आपल्याच वाटीत परत यावं, तसं.
परकारचाचा म्हणतात,
"हिचं देणं कुणाला दिसत नाही पोरी,
कारण ही वसूल करून घेते."
त्यांच्या निवृत्तीला अकरा महिने उरलेत.
थराचा ताप ते काट्याकडे न बघता सांगतात.

सगळीच ऑक्साइडं अशी हिशेबी नसतात.

आमचा सडा घ्या.
खाडीवरचा हा अख्खा लाल सडा म्हणजे
लोखंडाचं नि ॲल्युमिनियमचं ऑक्साइड,
भोकाभोकांचं,
मुठीएवढ्या तुकड्यात खळ्याएवढं अंग लपवलेलं.
बापूस तीस वर्षं तेच कापत आला.
धाकटू भुवड, चिरेखाण नंबर दोन.
रसायन त्याला ठाऊक नाही. एवढं ठाऊक,
की खाणीतून निघतो तेव्हा चिरा मऊ असतो,
ओला, तासावा तसा तासला जाणारा,
आणि उघड्यावर राहिला की घट्ट होतो.
"दगडाला पण हवा लागते गो,
माणसासारखी."

कुठली हवा, ते तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

फाल्गुनात घराच्या उगवतीच्या भिंतीला लोणा फुटला.
मावळतीच्या भिंतीला फुटता
तर समुद्रावर ढकलून मोकळं होता आलं असतं.
उगवतीला आमची चिमणी आहे.
आमची म्हणजे कंपनीची.
पहाटे वारा डोंगराकडून खाली उतरतो,
चिरा दवाने ओला असतो,
आणि जो चौथ्या थरातूनही निसटला
तो इथे येऊन टेकतो.
इथे चारशे वीस अंश नाहीत.
इथे नुसती दमट पहाट, आणि सावकाशी.
मागतो, मिळतं,
पण इथून तो उठत नाही.
भिंतीतच राहतो, भिंतीचाच होतो,
पांढरा.

मी पुडीत खरवडून नेलं, सुपारीएवढं.
रात्री दोन वाजता, प्रयोगशाळेत कुणी नसताना
पाण्यात विरघळवलं, गाळलं,
दोन थेंब आम्ल, मग बेरियम क्लोराइड.
परीक्षानळीत तांदळाचं धुवण उतरलं.
हललं नाही, विरघळलं नाही.
सल्फेट.

पण सल्फेट समुद्रातही असतं.
वारा तेही आणतो, वळणं घेत आणतो.
क्लोराइड किती ते काढलं, प्रमाण मांडलं,
की कळतं कुणाचं किती.
सिल्व्हर नायट्रेटची तपकिरी बाटली हाताशी होती.
मी तिच्यावरची धूळ पुसली.
लेबल समोर येईल अशी फिरवून ठेवली.
मग तासाची नोंद करायला उठले:
थर चार, ताप ठीक, दाब ठीक.

सकाळी बापूस मागीलदारी राखेने दात घासत होता.
"काय निघालं?"
"मीठ," मी म्हटलं.
खोटं नव्हतं. सल्फेट हे मीठच.
तो उठला, भिंतीला तळवा घासला,
जिभेला लावला,
थोडा वेळ तोंडात घोळवून थुंकला.
"खारट नाय गो. तुरट हाय."

आणि माझ्याकडे न बघता चूळ भरली,
तळवा लेंग्याला पुसला,
एका बाजूने लाल, एका बाजूने पांढरा.
"आज पण रात्रपाळीच काय?"